दुखते ते सांगावे

एखाद्या घरात कर्करोगाने मृत्यू झाला की पुढचे बारा-तेरा दिवस भेटीस येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हटकून ऐकू येते. "एवढा आजार काढला, पण शेवटपर्यंत हूं की चूं केले नाही हो!" ऐकणारे माना डोलावतात. गेलेल्या व्यक्तीला समाजाने दिलेले ते प्रशस्तिपत्रकच असते आणि देणाऱ्याच्या मनात आदराखेरीज दुसरे काही नसते. मात्र त्याच घरातल्या सुनेने रात्री तीन वाजता सासूला उशीचा कोपरा दातांत धरून बसलेले पाहिलेले असते. ती पाहुण्यांना चहा देते आणि आत निघून जाते.

सहनशीलतेला आपल्या संस्कारांत मोठे स्थान आहे आणि ते यथायोग्यच आहे. कष्ट, दारिद्र्य, अपमान, कारावास हे सारे सोसून उभी राहिलेली माणसे प्रत्येक घराण्याच्या स्मरणात असतात. परंतु एका क्षेत्रात चांगले असलेले मूल्य दुसऱ्या क्षेत्रात तपासून न घेता वापरले की अनर्थ ओढवतो. कर्करोगाच्या उपचारांत आज नेमके तेच घडत आहे. केमोथेरपी असो वा किरणोपचार, ही औषधयोजना रुग्णाच्या शरीराच्या सोसण्याच्या मर्यादेजवळ जाऊन केलेली असते. मात्रा किती ठेवावी, पुढचा डोस कधी द्यावा, कोणते औषध बदलावे हे डॉक्टरांनी ठरवायचे ते रक्ताच्या तपासण्यांवरून आणि रुग्णाच्या सांगण्यावरून. रक्त खोटे बोलत नाही. रुग्ण मात्र बोलतो. "कसे आहात?" या प्रश्नाला "ठीक आहे" असे उत्तर देऊन तो उठतो आणि डॉक्टर समोरच्या कागदावर 'तक्रार नाही' असे लिहितात.

या 'ठीक आहे'ची किंमत किती, याचे मोजमाप झालेले आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात, रोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या आणि केमोथेरपी चालू असलेल्या ७६६ रुग्णांचा एक अभ्यास झाला. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना नेहमीप्रमाणे तपासले गेले. उरलेल्यांना मळमळ, वेदना, धाप, थकवा, भूक न लागणे अशी बारा सामान्य लक्षणे संगणकावर स्वतः नोंदवायला सांगितले; एखादे लक्षण बळावले की परिचारिकेला तत्काळ सूचना जाई आणि ती पुढची हालचाल करी. औषध तेच, डॉक्टर तेच. २०१७ मध्ये त्याचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान २६ महिने भरले, तर लक्षणे नियमित सांगणाऱ्यांचे ३१.२ महिने. पाच महिन्यांचा हा फरक कोणत्याही नव्या, महागड्या औषधाने पडलेला नाही. त्रास वेळीच कळल्याने तो वेळीच आटोक्यात आला, आकस्मिक विभागाच्या फेऱ्या कमी झाल्या आणि रुग्ण अधिक काळ केमोथेरपी घेऊ शकले, एवढेच त्याचे इंगित.

पाश्चात्त्यांच्या अभ्यासाचा दाखला कशाला, असे कोणी म्हणेल. मग आयुर्वेदाकडे वळावे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रोगपरीक्षेची तीन साधने आपल्या वैद्यकाने सांगितली आहेत. त्यांतले तिसरे साधन रुग्णाच्या खऱ्या उत्तरावाचून लुळे पडते. श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला तेव्हा, १८८५ मध्ये, त्यांना दक्षिणेश्वराहून उपचारांसाठी कलकत्त्यात आणण्यात आले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारखा विज्ञाननिष्ठ चिकित्सक त्यांना तपासत असे. पुढे काशीपूरच्या उद्यानगृहात तरुण शिष्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. घास उतरतो की नाही, रक्त पडले का, रात्री झोप लागली का, हे सारे पाहणे आणि वैद्यापर्यंत पोहोचवणे हा त्या सेवेचाच भाग होता. देहाविषयी एवढी अनासक्ती असलेल्या महापुरुषाच्या भोवतीही दुखण्याची वास्तपुस्त थांबलेली नव्हती. तिथे सर्वसामान्य गृहस्थाने मौनव्रत धरण्याचे कारण काय?

उलटीचेच उदाहरण घ्यावे. केमोथेरपी म्हणजे भडभडून उलट्या, हे चित्र जुन्या चित्रपटांनी मनात इतके घट्ट बसवले आहे की पहिल्या सलाइनच्या आधीच रुग्ण अर्धा खचलेला असतो. १९९० च्या दशकात ऑन्डॅनसेट्रॉनसारखी औषधे आली आणि ही स्थिती पालटली. त्यानंतर अॅप्रेपिटंट आले, ओलान्झापिनचा उपयोग ध्यानात आला. या ओलान्झापिनने फार गुंगी येते, अशी रुग्णांची तक्रार असे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ती तक्रार मनावर घेतली आणि दहा मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिले. उलट्या तितक्याच रोखल्या गेल्या, गुंगी कमी झाली. २०२४ मध्ये हे संशोधन जगापुढे आले. रुग्णांनी 'झोप येते तर येऊ दे' म्हणून गप्प बसायचे ठरवले असते तर हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला असता?

असे असूनही घरोघरी उलट्या होतात, याचे एक कारण साधे आहे. सिस्प्लॅटिनसारख्या काही औषधांची मळमळ दुसऱ्या दिवसापासून डोके वर काढते आणि चार-पाच दिवस रेंगाळते. रुग्ण तोवर घरी आलेला असतो. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही म्हणून 'उगाच कशाला गोळ्या' असे म्हणून घरातलेच कोणीतरी त्या बंद करते. मग उलट्या सुरू होतात, अन्न-पाणी जात नाही आणि पुढच्या खेपेला रुग्णालयाच्या रस्त्यावर, नुसत्या स्पिरिटच्या वासाच्या आठवणीने पोट ढवळून निघते. ही आगाऊ मळमळ एकदा मुरली की औषधांना सहसा दाद देत नाही. म्हणून पहिल्या खेपेचीच उलटी रोखायची असते. लिहून दिलेल्या गोळ्या लिहून दिलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात आणि तरीही उलटी झाली तर तसे सांगावे. पुढची पायरी डॉक्टरांकडे असते.

सलाइन चालू असतानाचा एक प्रसंग तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. सुई टोचलेल्या जागी जळजळ होऊ लागली, हात ताणल्यासारखा वाटला किंवा सूज दिसली, तर त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारायची असते. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर आजूबाजूचे मांस जाळतात. रुग्ण म्हणतो, सिस्टर कामात आहेत, बाटली थोडीच उरली आहे. त्या अर्ध्या तासाच्या संकोचापायी हाताची जखम महिनोन्महिने भरत नाही. शिरा सापडत नसतील तर तेही आधी सांगावे. हात कोमट पाण्याने शेकून घेता येतो, आणि खेपा बऱ्याच असतील तर छातीच्या त्वचेखाली 'पोर्ट' बसवण्याचा मार्ग असतो.

तपासण्यांची भीती बहुधा अज्ञाताची असते. एम.आर.आय.च्या बोगद्यात किती वेळ पडून राहायचे, आवाज कसला येतो, गाठीचा तुकडा काढताना जागा बधिर करतात की नाही, हे विचारण्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही. बंद जागेत जीव घुसमटत असेल तर आधी सांगितल्यास सौम्य औषध देता येते. प्राणायामाचा सराव असलेल्यांना दीर्घ उच्छ्वासाचा येथे चांगला उपयोग होतो. सराव नसणाऱ्यांनाही आदल्या दिवशी शिकवता येतो. डॉक्सोरुबिसिन या तांबड्या औषधानंतर एखाद-दुसरा दिवस लघवी तांबडी होते. कोणी सांगितलेले नसेल तर बिचारा रुग्ण रक्त पडते आहे असे समजून रात्रभर घाबरून बसतो. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर फ्रिजमधल्या थंड बाटलीला हात लावला तरी झिणझिण्या येतात. क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टींनी माणूस किती हादरतो, ते शेजारी बसणाऱ्यालाच ठाऊक.

तापाची गोष्ट मात्र क्षुल्लक नाही. केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर तो साधा ताप मानायचा नसतो. शरीराचे सैन्यच जागेवर नसते, त्यामुळे जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन 'सकाळी बघू' म्हणणे जिवावर बेतते. गोळीने पारा उतरतो, संसर्ग वाढतच राहतो. जिल्ह्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी तर रात्री कोणाची गाडी मिळेल, जवळचे कोणते रुग्णालय उघडे असते, हे केमोथेरपीच्या पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे. तिथल्या डॉक्टरांना पहिले वाक्य "केमो चालू आहे" हेच सांगावे आणि फाइल सोबत असावी. याच दिवसांत भेटीस येणाऱ्यांची रीघ लागते, हे आणखी एक संकट. कोणी सर्दी घेऊन येतो, कोणी लांबच्या क्षेत्राहून तीर्थ आणतो. तीर्थाला नमस्कार करून ते देवापाशी ठेवता येते. न उकळलेले पाणी त्या काळात पोटात जाऊ नये. पाहुण्याला दारातून परतवणे आपल्या रीतीला जड जाते खरे. पण ते घरातल्या तरुणाने हसतमुखाने करायचे काम आहे, रुग्णावर सोडायचे नव्हे.

तंबाखूने आपल्या देशाला तोंडाच्या कर्करोगाचे घर करून ठेवले आहे. त्याच्या किरणोपचारांत, ज्याला अनेक रुग्ण 'लाइट घेणे' म्हणतात, आठवड्यातून पाच दिवस असे सहा-सात आठवडे जावे लागते. चेहऱ्यावर घट्ट बसणारी प्लास्टिकची जाळी लावून डोके स्थिर ठेवतात. दोनेक आठवड्यांनंतर तोंड येते, लाळ चिकट होते, तिखटाचा कण सोसवत नाही. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या करणे, मऊ ब्रश वापरणे, किडलेल्या दातांचा निकाल आधीच लावून घेणे या साध्या गोष्टींचा येथे मोठा आधार असतो. तरी गिळणे बंद झाले तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतात. इथे घराचे अवसान गळते. 'नळी लागली म्हणजे संपलेच' असा समज आहे. वास्तविक ती नळी तोंडाला विश्रांती देण्यासाठी असते आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांनी निघते. नळी नाकारणारा रुग्ण उपाशी राहतो, वजन घटते, जाळी सैल होते आणि उपचार मध्येच थांबवावे लागतात. किरणोपचारांत खंड पडला की रोगाला उसंत मिळते. एका नळीला घाबरून अख्ख्या उपचारांवर पाणी सोडण्याचा हा प्रकार आहे.

स्त्रियांचे दुखणे तर दुहेरी पडद्याआड असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात अंतर्गत किरणोपचार करावे लागतात. तो प्रकार शरीरासाठी त्रासदायक आणि मनासाठी त्याहून अधिक. त्यासाठी भूल किंवा गुंगी देता येते. पण काय होणार आहे हे तिला आधी समजावून सांगणारी स्त्री परिचारिका भेटेलच असे नाही आणि तिने विचारावे तर बरोबर दीर किंवा मुलगा आलेला असतो. रक्तस्राव, लघवीची आग, वैवाहिक संबंधांतील वेदना यांपैकी एकही शब्द त्या खोलीत उच्चारला जात नाही. अशा रुग्णाबरोबर घरातली एखादी स्त्री गेली, तर कितीतरी गोष्टी सुकर होतील. त्यासाठी फार काही लागत नाही. तिचा त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तरी पुरे.

आता वेदनेविषयी. अफूची शेती कायदेशीरपणे करणारे जगात मोजकेच देश आहेत, त्यांत भारत आहे. मंदसौर-नीमचच्या शेतांत अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. आणि याच देशातला कर्करोगाचा रुग्ण तीव्र वेदनेवरील मॉर्फिनच्या गोळीसाठी दशकानुदशके तडफडत राहिला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नशेबाजांना धाक बसवण्याच्या नादात औषध म्हणून होणाऱ्या वापरावरही परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि अशा अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच सुटसुटीत पद्धत आली. कायदा बदलला, भीती बदललेली नाही. अजूनही कित्येक रुग्णालये ही गोळी ठेवत नाहीत, आणि जिथे मिळते तिथे घरचेच ती नाकारतात.

ही भीती दोन प्रकारची. व्यसन लागेल ही पहिली. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन जडणे क्वचितच घडते. दुसरी म्हणजे मॉर्फिन म्हणजे शेवट. हाही समज चुकीचा. उपचार जोरात चालू असतानाही वेदनेप्रमाणे ते देता येते आणि वेदना ओसरली की बंद करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची जी शिडी सांगितली, तिचे एक सूत्र असे की औषध घड्याळाप्रमाणे द्यावे. साधे मॉर्फिन दर चार तासांनी घ्यायचे असते, दुखण्याची वाट पाहून नव्हे. दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा पोहोचते आणि जास्त लागते. त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवे. एवढी गोष्ट कोणी सांगत नाही आणि रुग्ण चौथ्या दिवशी कंटाळून मॉर्फिनच सोडतो.

उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हा शब्द उच्चारला की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले, पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र आले. अशा संस्थांची ओळख अनेकांना केवळ अखेरच्या दिवसांची जागा म्हणून आहे. वास्तविक वेदना, मळमळ, धाप, निद्रानाश, मनाची खिन्नता यांचे शास्त्र जाणणारा डॉक्टर पहिल्या महिन्यापासून बरोबर असावा, हेच हितावह. अमेरिकेत बॉस्टन येथे फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना निदानापाठोपाठच ही सेवा मिळाली ते इतरांपेक्षा कमी खिन्न तर होतेच, पण सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. २०१० सालची ही गोष्ट आहे.

या सर्वांच्या मुळाशी एक घरगुती कट असतो. "डॉक्टर, त्यांना काही सांगू नका." हे वाक्य प्रेमापोटीच येते. परंतु रुग्णालयाच्या दारावरची पाटी रुग्णाला वाचता येते आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस सारे सांगून मोकळा होतो. मग रुग्णही कटात सामील होतो. मुलांना वाईट वाटू नये म्हणून आपली वेदना लपवतो. बापाने मुलापासून दुखणे दडवायचे, मुलाने बापापासून रोग दडवायचा आणि दोघांनी मिळून डॉक्टरपासून सत्य दडवायचे, असा हा कारभार. रुग्णाला सर्व काही एका बैठकीत ऐकवावे असे नव्हे. पण त्याने विचारले तर खोटे सांगू नये आणि त्याच्या देहात काय चालले आहे याविषयीचे संभाषण त्याला वगळून होऊ नये. काढे, गुळवेल, पपईच्या पानांचा रस हेही पुष्कळदा असेच लपून चालते. आयुर्वेदाचा अभिमान असणाऱ्यांनी तरी ते उघडपणे डॉक्टरांना सांगावे. केमोथेरपीच्या अनेक औषधांचा भार यकृतावर पडतो. त्याच यकृतावर आणखी काय येत आहे हे उपचार करणाऱ्याला कळले पाहिजे. योगासने आणि रोजचे थोडे चालणे यांविषयी मात्र आधुनिक वैद्यकातही दुमत राहिलेले नाही. उपचारांतला थकवा केवळ पडून राहण्याने वाढतो आणि झेपेल एवढ्या हालचालीने कमी होतो.

समाज या बाबतीत स्वस्थ बसलेला आहे असे मुळीच नाही. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. लांबून आलेल्या रुग्णाच्या डोक्यावर छप्पर आणि पोटात दोन घास पडावेत म्हणून झटणारी माणसे तिथे आहेत. रक्त हवे म्हटले की रात्री-अपरात्री धावणारे कार्यकर्ते गावोगाव आहेत. केरळात याच्या पुढचे पाऊल पडले. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून अशी रचना उभी राहिली की शेजारपाजारचे स्वयंसेवक थोडे प्रशिक्षण घेतात, रुग्णाच्या घरी नियमित जातात, त्याची लक्षणे विचारतात आणि परिचारिकेला कळवतात. डबा पोहोचवणाऱ्याने डब्याबरोबर पाच मिनिटे बसून विचारपूस केली तर असे काम महाराष्ट्रात कोणत्याही वस्तीत उद्यापासून सुरू होऊ शकते.

त्यासाठी लागते एक शंभर पानी वही. डाव्या बाजूला तारीख. पुढे ताप किती, उलट्या किती, शौचास झाले की नाही, पाणी किती प्याले, वेदना दहापैकी किती, कोणती गोळी किती वाजता. डॉक्टरांपुढे रुग्णाची वाचा बसली तरी वही बोलते. विचारणाऱ्याने फक्त "बरे आहे ना?" असे विचारू नये, त्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. काल रात्री किती तास झोप लागली आणि जाग कशाने आली, एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.